आडोसा

ब्रिज ऑफ ऑर्कीला गाव म्हणायचं ते नकाशावर नाव छापलंय म्हणून. एक हॉटेल, एक रेल्वे स्टेशन, रस्त्याकडेची मोजकी घरं आणि ज्याच्यावरून हे नाव पडलं तो कमानीचा दगडी पूल. पुलाखालून ऑर्की नदी कोऱ्या चहाच्या रंगाची वाहत होती. हा रंग मातीचा नव्हे. डोंगरावरच्या पीटमधून, म्हणजे हजारो वर्षं साठलेल्या अर्धवट कुजलेल्या शेवाळ-गवताच्या थरातून झिरपून आलेलं इथलं पाणी उन्हाळ्यातही असंच दिसतं, फक्त तेव्हा तळाचे गोटे मोजता येतात. त्या सकाळी गोटे कुठेच नव्हते. नदी फुगली होती आणि काठच्या गवतात घुसली होती.

नाश्त्याला पॉरिज आणून देणाऱ्या मुलीला मी विचारलं, आज दिवस कसा जाईल? तिनं खिडकीकडे पाहिलं. पाऊस काचेवर आडवा आपटत होता. "जरासं ओलं आहे," ती म्हणाली, "आणि वर थोडा वारा असेल." एवढं बोलून तिनं मधाची बाटली माझ्याकडे सरकवली. ग्लासगोत नोकरी करणारा माझा भाचा निनाद सोबत होता. तो हळूच म्हणाला, "मावशी, हे लोक थोडा वारा म्हणाले की टोपी खिशात ठेवायची. डोक्यावर टिकत नाही."

वेस्ट हायलंड वे ही वाट ग्लासगोच्या उत्तरेला मलगाय या उपनगरात सुरू होते आणि १५४ किलोमीटरवर फोर्ट विल्यमला संपते. १९८० साली अधिकृतपणे खुली झालेली ही स्कॉटलंडमधली पहिली लांब पल्ल्याची पायवाट. लाकडी खांबांवर षट्कोनात पांढरं काटेरी फूल कोरलेलं असतं, ते पाहत चालायचं. लॉख लोमंड या सरोवराचा झाडीचा काठ आम्ही मागे टाकला होता. पुढचा टप्पा रॅनख मूरच्या पश्चिम कडेनं किंग्जहाउसपर्यंत. सुमारे वीस किलोमीटर. मलगायपासून जो भेटला त्यानं या टप्प्याचं नाव काढताना आवाज खाली आणला होता. तिथे आडोसा नाही, असं सगळे सांगत.

आमच्याकडे पाऊस हेच निमित्त असतं. जून सरत आला की पुण्या-मुंबईतून, साताऱ्या-कोल्हापुरातून माणसं पावसाकडे निघतात. पन्हाळ्याहून पावनखिंडीकडे जाणाऱ्या वाटेवर जुलैत शेकड्यांनी पोरं चिखल तुडवतात, घोषणा देतात, ओढ्यात बसकण मारतात आणि एखाद्या वाडीतल्या ओसरीवर निथळत्या कपड्यांनी पिठलं-भाकरी खातात. भिजायलाच तर आलेलो असतो. इथे पावसाला कोणी भावच देत नाही. माणसं चेन वर ओढतात, टोपीची दोरी आवळतात आणि जणू बाहेर काही घडतच नाहीये अशा चेहऱ्यानं निघतात. आमच्या पुढे एक साठीचं जोडपं चाललं होतं. बाईंच्या रकसॅकला एक प्लास्टिकचा डबा लटकत होता. मी त्यांना गाठलं तेव्हा त्यांनी पावसाबद्दल चकार शब्द काढला नाही. डबा उघडून टॅब्लेटचा तुकडा पुढे केला. साखर, लोणी आणि आटवलेलं दूध यांची ही घट्ट वडी कलाकंदाच्या जवळची, पण गोडीला काही धरबंध नाही. "चढावर बरी पडते," एवढंच त्या म्हणाल्या.

पूल ओलांडला की वाट पाइनच्या लागवडीतून माम कॅरी नावाच्या खिंडीकडे चढते. झाडांत असेपर्यंत पाऊस फांद्यांवर वाजत होता, आपल्या अंगाशी त्याचा फारसा संबंध नव्हता. माथ्यावर आलो आणि वाऱ्यानं डाव्या बाजूनं धक्का दिला. तो नैर्ऋत्येकडून, अटलांटिकवरून येतो. ही वाट बहुतेक सगळे दक्षिणेकडून उत्तरेला चालतात त्याचं हेही एक कारण. वारा तोंडावर येत नाही, पाठीवर आणि डाव्या कानावर येतो. त्या दिवशी माझा डावा कान संध्याकाळपर्यंत सुन्न होता.

खाली लॉख टुला. पाणी शिशाच्या रंगाचं, त्यावर वाऱ्यानं पांढरे ओरखडे काढलेले. पलीकडच्या काठावर जुन्या स्कॉट्स पाइनची काही झाडं दिसली. एके काळी हायलंडात पसरलेल्या रानाचा हा उरलासुरला तुकडा. याच सरोवराच्या काठी १७२४ साली डंकन बान मॅकिन्टायर हा गेलिक भाषेतला मोठा कवी जन्मला. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. पहाटेपासून डोंगरात हिंडून हरणांची राखण करायची ही त्याची नोकरी, आणि ब्रिज ऑफ ऑर्कीच्या डोक्यावर उभा असलेला बेन डोरन हा त्याचा डोंगर. त्या डोंगराच्या स्तुतीची त्याची कविता पाचशेहून जास्त ओळींची आहे, बॅगपाइपच्या रागदारीसारख्या बांधणीची, आणि ती त्यानं सगळी डोक्यात रचली. एका पाद्र्यानं त्याच्या तोंडून उतरवून घेतलेल्या कविता पुढे १७६८ साली छापल्या गेल्या. बहिणाबाई चौधरींच्या ओव्या मुलानं वहीत उतरवून ठेवल्या आणि त्या गेल्यावर अत्र्यांच्या हाती पडल्या, हे आपण शाळेत शिकलो. लॉख टुलाच्या काठावर मला बहिणाबाईंच्या आसोद्याची आठवण यायला एवढं कारण पुरेसं होतं.

पण डंकन बानचं मला अधिक आवडलेलं गाणं दुसरंच आहे. म्हातारपणी तो आपल्या डोंगरात परत आला तेव्हा हरणं गेली होती, माणसं गेली होती आणि सगळीकडे मेंढ्या चरत होत्या. जमीनदारांना भाड्यानं राबणाऱ्या कुळांपेक्षा मेंढी परवडायला लागली होती. तेव्हा त्यानं कोल्ह्यांना आशीर्वाद देणारं गाणं रचलं. का, तर ते मेंढ्या मारतात. कवीचा राग असा असावा. १७४५च्या हायलंडातल्या बंडात तो सरकारी बाजूनं लढाईतही गेला होता, तेही दुसऱ्या एका माणसाच्या बदली, पैशांच्या बोलीवर. १७४६ची फॉलकर्कची लढाई सरकारी सैन्य हरलं, पळापळीत याची उसनी तलवार हरवली, म्हणून त्या माणसानं ठरलेले पैसे द्यायला नकार दिला. यानं त्याच्यावरही गाणं केलं.

खिंड उतरून इन्व्हरोरनला आलो. एकच इमारत, पांढरी, ओढ्याकाठी. शतकानुशतकं वाटसरूंना जेवूखाऊ घालणारी खाणावळ. १८०३च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला कवी विल्यम वर्ड्‌स्वर्थ आणि त्याची बहीण डोरोथी किंग्जहाउसहून पावसापाण्यात इथे आले आणि नाश्ता मागवला. डोरोथीनं वहीत लिहून ठेवलंय की लोणी खाण्याजोगं नव्हतं, बार्लीच्या भाकऱ्यांना कुबट वास येत होता, ओटची भाकरी चावता येईना आणि घरात होती नव्हती ती अंडी उकडून दगड केली होती. बाई चोखंदळ असाव्यात. मला मात्र स्कॉच ब्रॉथ मिळाला, बार्ली, गाजर, सलगम आणि मटणाचा रस्सा, वर वाफ. बाकावर आमच्या शेजारी दोन जर्मन मुली मोजे काढून बसल्या होत्या. त्यांच्या मोज्यांचं पाणी फरशीवरून माझ्या बुटांपर्यंत वाहत आलं. त्यांनी माफी मागितली. मीही माझ्या बाह्या पिळल्या आणि दोन्ही ओघळ एक झाले. निनादनं आपल्या डब्यातल्या दशम्या आणि तिळाची चटणी बाहेर काढली. बाहेरचं खायला इथे चालेल का, या शंकेनं मी वाढणाऱ्या पोरीकडे पाहिलं. ती म्हणाली, "खा हो. मला फक्त ते काय आहे ते सांगा." तिनं चटणी चाखली, डोळे मोठे केले आणि पाण्याचा जग आणून ठेवला. जग तिनं स्वतःसाठीच आणला होता.

इन्व्हरोरनच्या ओढ्याकाठी, पुलाजवळ, सात-आठ तंबू वाऱ्यानं थडथडत होते. फुकट. कोणाची परवानगी नाही. २००३च्या जमीन सुधारणा कायद्यानं स्कॉटलंडमध्ये कोणालाही बहुतेक मोकळ्या जमिनीवरून चालण्याचा, तिथे रात्र काढण्याचा हक्क दिला आहे. नासधूस करायची नाही एवढी अट. (लॉख लोमंडच्या काठावर उन्हाळ्यात परवाना लागतो, कारण तिथे शहरातली गर्दी नासधूस करायलाच येत होती.) या ओढ्याकाठच्या मुक्कामाला मात्र मोठा इतिहास आहे. उत्तरेकडची काळी, केसाळ गुरं शेकड्यांनी हाकत ड्रोव्हर लोक याच वाटेनं फॉलकर्कच्या बाजाराला जात. रात्री गुरं थांबवायच्या ठरलेल्या जागा होत्या, त्यातली एक ही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इथल्या जमीनदारानं, ब्रेडॅल्बेनच्या मार्क्विसनं, ही जागा बंद केली. ड्रोव्हर कोर्टात गेले. प्रकरण थेट हाउस ऑफ लॉर्ड्‌सपर्यंत पोचलं आणि निकाल मार्क्विसच्या बाजूनं लागला. पिढ्यान्‌पिढ्या वापरलेल्या जागेवर रात्र काढायचा हक्क गुराख्यांना मिळाला नाही. आज तिथेच म्युनिकचा एखादा अकाउंटंट तंबू ठोकतो आणि कायदा त्याच्या पाठीशी आहे. हे चांगलंच झालं. फक्त ते ज्यांना हवं होतं ते लोक तोवर संपले होते.

व्हिक्टोरिया ब्रिज ओलांडला, फॉरेस्ट लॉज नावाचं घर मागे पडलं, लाकडी फाटक लागलं. फाटकाशी निनादनं विचारलं, "मावशी, खरंच जायचं ना? अजून मागे फिरता येईल." मी म्हटलं, "महाबळेश्वरला जुलैत राहिलेय मी. तू फाटक लाव नीट." इथले लोक फाटकाबाबत फार काटेकोर. उघडलं तसं लावायचं, नाहीतर मेंढ्या कुठच्या कुठे. आणि मागून कोणी येत असेल तर धरून उभं राहायचं, कितीही पाऊस असो. मी धरून उभी राहिले. येणारा माणूस अजून बराच लांब होता, तो बिचारा माझ्यासाठी पळत आला. दोघंही सभ्यपणापायी जास्त भिजलो.

इथून पुढची वाट टेलफर्डची. थॉमस टेलफर्ड, पूल आणि कालवे बांधणारा प्रसिद्ध इंजिनिअर. १८०३ साली सरकारनं हायलंडातल्या रस्त्या-पुलांसाठी मंडळ नेमलं आणि काम त्याच्याकडे दिलं. त्याच्याही आधीचा लष्करी रस्ता जरा वरून, डोंगराच्या अंगानं जातो. १७४५चं बंड मोडल्यावर पुन्हा कोणी उठू नये, फौज झपाट्यानं पोचावी, म्हणून सैनिकांनीच तो बांधला. माणसांवर वचक ठेवायला बांधलेल्या रस्त्यांवर आता सुट्टी घालवायला लोक येतात. टेलफर्डच्या रस्त्याचे गोटे दोनशे वर्षांनंतरही जागचे हललेले नाहीत. हे कौतुक इंजिनिअरिंगच्या वर्गात करावं. तळव्यांना विचाराल तर त्यांचं मत वेगळं पडेल.

उजवीकडे मूर सुरू झालं. रॅनख मूर म्हणजे सुमारे १३० चौरस किलोमीटरचं ओलं, उंचसखल पठार. हिमयुगात इथे बर्फाचा जाड घुमट होता. तो वितळला आणि मागे दगड, डबकी आणि खोलगट भाग राहिले. तेव्हापासून त्यांत शेवाळ वाढतंय, मरतंय, पण थंड आणि आम्लधर्मी पाण्यात पुरतं कुजत नाही. त्याचंच हे पीट. १८९४ साली सुरू झालेली रेल्वे मूरच्या पलीकडच्या बाजूनं जाते. रुळांना तळ सापडेना तेव्हा झाडाझुडपांच्या फांद्यांच्या मोळ्या, माती आणि राख टाकून त्यावर रूळ घातले. गाडी आजही त्या तराफ्यावरून जाते.

मी जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलं, त्यामुळे पावसात मान खाली घालून चालायची सक्ती मला शिक्षा वाटली नाही. कडेच्या स्फॅग्नम शेवाळाचे गाद्यांसारखे उंचवटे, हिरवे, पिवळसर, काही रक्तासारखे लाल. हे शेवाळ स्वतःच्या वजनाच्या वीस पटीपर्यंत पाणी धरून ठेवतं. पहिल्या महायुद्धात कापूस कमी पडला तेव्हा याच शेवाळाच्या पट्ट्या जखमांवर बांधत. मी मूठभर पिळून पाहिलं. बाहीतून आत गेलेलं पाणी निराळं, हे निराळं. आणि मग त्या शेवाळातच मला दवबिंदूचं रोप दिसलं. लाल केसांच्या टोकाला चिकट थेंब घेऊन बसलेलं, नाण्याएवढ्या पानांचं. कासच्या पठारावर सप्टेंबरात हेच घराणं भेटतं, आमचं लांबट पानांचं. माझ्या विद्यार्थ्यांना मी गुडघ्यांवर बसवून ते दाखवत असे. तिथे खाली जांभा दगड आणि वर बोटभर माती, इथे खाली कितीतरी फूट पीट. पण दोन्हीकडे नायट्रोजनचा दुष्काळ, म्हणून दोघींनी किडे खायची सवय लावून घेतली. मी गुडघ्यांवर बसले. निनाद म्हणाला, "मावशी, इथे नको. लोकांना वाटेल पडलीस." आणि खरंच, मागून येणारा लाल जॅकेटवाला धावत आला. मी त्याला दवबिंदू दाखवलं. त्यानं वाकून पाहिलं, "व्हेरी नाइस," म्हणाला आणि पुढे गेला. तो एडिंबराचा होता आणि ते झाड त्यानं आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं असावं.

बारा वाजता, एक वाजता, दोन वाजता पाऊस सारखाच. आमच्या पावसाला चढ-उतार असतो. सर येते, ओसरते, मध्येच ऊन पडतं, मग पुन्हा झोडपतो. महाबळेश्वरला चार महिन्यांत पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो, तेवढा इथे बरसत नाही. पण इथला पाऊस थेंब बारीक करून वाऱ्याच्या हाती देतो, आणि वारा तो खालून, बाजूनं, कॉलरमधून आत घालतो. छत्री कोणाकडेही नव्हती. निनादनं मला घेऊन दिलेलं महागडं जॅकेट दुपारनंतर खांद्यांवर पाझरू लागलं. मला घोंगडीची आठवण झाली. पाटणच्या डोंगरात भर पावसात खोळ घेऊन मेंढरांमागे उभा राहणारा धनगर मी पाहिलाय. घोंगडी बाहेरून चिंब, आत माणूस कोमट. इथले ड्रोव्हरही लोकरीचं प्लेड पांघरूनच उघड्यावर झोपत. अठराव्या शतकात हायलंडात नेमलेल्या एका इंग्रज अधिकाऱ्यानं लिहिलंय की वाऱ्या-थंडीच्या रात्री हे लोक प्लेड मुद्दाम ओढ्यात बुडवत आणि मग अंगाभोवती गुंडाळत. लोकर फुगते, वीण मिटते आणि वारा आत शिरत नाही. साताऱ्याच्या बाजारातल्या कुठल्याही घोंगडीवाल्यानं हेच कारण सांगितलं असतं.

ड्रोव्हरांच्या सोबत पोटाला काय, तर ओटचं पीठ आणि कांदे. फारच अडचण आली तर गुराच्या मानेतून थोडं रक्त काढून पिठात कालवायचे. हे मी निनादला सांगितलं तेव्हा तो दशमी खात होता. त्यानं ती परत डब्यात ठेवली.

बा ब्रिज हा दिवसाचा मध्य. बा नदी डावीकडच्या प्रचंड डोंगरकुशीतून येते. स्कॉटलंडमधल्या मोठ्या कोरींपैकी, म्हणजे अशा डोंगरकुशींपैकी, ती एक, असं नकाशा सांगत होता. आम्हाला ढग दिसला. पण पाणी ऐकू येत होतं. चहूकडच्या उतारांवर सकाळी नसलेले ओढे फुटले होते, पांढरे, बोटाएवढे, मग हाताएवढे. पुलाखाली नदी खडक फोडायला निघाल्यासारखी गर्जत होती. कठड्याच्या आडोशाला बसावं म्हटलं, तर वारा कठड्याला वळसा घालून आला. आम्ही उभ्याउभ्याच थर्मासमधला चहा प्यालो. आलं घातलेला. शेजारी उभ्या असलेल्या लाल जॅकेटवाल्यालाही दिला. दोन्ही हातांनी झाकण धरून तो प्यायला आणि तेवढ्यात पहिल्यांदाच त्या दिवशी कोणी स्थानिक माणूस आपण होऊन हवामानावर बोलला. म्हणाला, "निदान मिज नाहीत." मिज म्हणजे इथलं सुईच्या टोकाएवढं चावरं चिलट, ढगांनी येणारं. ते याच ओल्या जमिनीत वाढतं आणि वारा जरा वेगानं वाहू लागला की त्याला उडता येत नाही. एका माणसाला वादळाबद्दल कृतज्ञ करायची ताकद त्या चिलटात आहे.

पुलाच्या पुढे चढावर, वाटेपासून बाजूला, बा कॉटेजचे अवशेष आहेत. भिंतींचे बुंधे, आत गवत. छप्पर नाही. मी तिथे पाहत उभी राहिले, कारण सकाळपासून काहीतरी खटकत होतं आणि ते काय ते आता कळलं. आपल्याकडे कुठल्याही डोंगरात तीन-चार तास चाललं की धनगरवाडा लागतो, नाहीतर देऊळ. कोणीतरी म्हातारी दारात असते, "कुठनं आलात, बसा," म्हणते. तिच्या घरात ओल असते, धूर असतो, कोंबडी असते. इथे तासन्‌तास चाललो आणि एक धूर दिसला नाही. लोक या मोकळेपणाचं वर्णन करताना निसर्ग, निसर्ग म्हणतात. मूरच्या मध्यावर कधी फारशी वस्ती नव्हती हे खरं, चिखलात कोण राहणार? पण भोवतालच्या खोऱ्यांत गावं होती. डंकन बानच्या जन्मगावचेही असे बुंधेच उरलेत. आधी माणसं हटवून मेंढ्या आणल्या, मग मेंढ्या हटवून शिकारीसाठी हरणं. माणसं ग्लासगोच्या गिरण्यांत गेली, कॅनडाला गेली, आणि फार मोठ्या संख्येनं पलटणींत.

त्या पलटणींतल्या काही आमच्याकडे आल्या. डोरोथी बाई इन्व्हरोरनला कडक अंड्यांवर वैतागत होत्या त्याच महिन्यात, २३ सप्टेंबर १८०३ला, आज जालना जिल्ह्यात असलेल्या आसईला ब्रिटिश सेनापती वेलस्लीची फौज शिंदे-भोसल्यांशी भिडली. वेलस्लीच्या गोऱ्या पायदळात ७४वी आणि ७८वी, दोन्ही हायलंडी पलटणी. ७४वीची शिंद्यांच्या तोफांपुढे वाताहत झाली. गेलिक बोलणारी, ओटच्या भाकरीवर वाढलेली पोरं ज्वारीच्या रानात पडली, आणि आमची पोरं त्यांच्या समोर पडली. भांडण दोघांचंही नव्हतं. हे मी निनादला ओरडून सांगायचा प्रयत्न केला, पण वाऱ्यात त्याला फक्त "जालना" ऐकू आलं. "जालन्याचं काय?" तो ओरडला. मी हात हलवला. पुढे चल.

चढाचा माथा साधारण साडेचारशे मीटरवर. उंची म्हणाल तर साताऱ्याचा अजिंक्यतारा त्याच्याहून कितीतरी उंच, पण इथे वाऱ्याला अडवायला समुद्रापर्यंत काही नाही, असं वाटत होतं. चालताना पाय उचलला की तो ठेवायच्या जागी पडत नव्हता. जर्मन मुली हातात हात घालून चालल्या होत्या. टॅब्लेटवाल्या बाईंचे यजमान त्यांच्या वाऱ्याच्या बाजूनं चालत होते, आणि वाट वळली की बाई न बोलता बाजू बदलत, आता त्यांनी वारा घ्यायचा. मी बराच वेळ ही देवाणघेवाण पाहत मागून चालले. कोणी कोणाचा हात धरला नाही, कोणी "जप हं" म्हटलं नाही. एवढ्या वर्षांचा संसार आहे हे बाजू बदलण्यावरूनच कळत होतं.

उतारावर रस्त्याचा आवाज आला आणि मग ब्लॅकरॉक कॉटेज, पांढऱ्या भिंतींचं. कॅलेंडरांवर या घराच्या मागे बुअखल एटिव्ह मोरचा सुळका असतो. आमच्यासाठी मागे राखाडी चादर होती. हे घर १९०८ साली स्थापन झालेल्या बायकांच्या गिर्यारोहण क्लबकडे आहे. पुरुषांच्या क्लबात बायकांना प्रवेश नव्हता, म्हणून त्यांनी स्वतःचा काढला आणि लोकरीचे स्कर्ट नेसून कडे चढल्या. दार बंद होतं. छपराच्या पागोळीखाली मी जरा वेळ टेकले. मूर सुरू झाल्यापासूनचा हा पहिला आडोसा, आणि तो बायकांनी राखलेला. म्हणून उगाच जरा जास्तच वेळ टेकले.

किंग्जहाउसला डोरोथीनं एक रात्र काढली होती. चादरी ओल्या होत्या, विस्तवापुढे धरून वाळवाव्या लागल्या, अशी तिची तक्रार आहे. आता तिथे २०१९ साली नव्यानं उघडलेलं मोठं हॉटेल आहे, आणि त्याच्या मोटारी लावायच्या जागेत लाल हरणं माणसांना सरावून उभी असतात. एक नर आमच्याकडे पाहून शिंगं हलवता झाला, बहुधा दशमीच्या वासानं. निनादनं डबा छातीशी धरला.

या वाटेवरच्या सगळ्या मुक्कामांत कपडे वाळवायची खोली असते. बैठकीच्या खोलीपेक्षा तिचा मान मोठा. आम्ही शिरलो तेव्हा आत गरम वाफ, भिंतीभर खुंट्या, गळणारे बूट, ओल्या लोकरीचा आणि पायांचा वास. दिवसभर जे एकमेकांना नुसती मान हलवत होते ते इथे बोलू लागले. उघड्या पायांनी माणूस मोकळा होत असावा. लाल जॅकेटवाला मोजे पिळत म्हणाला, "तुमच्याकडे अशा वाटा आहेत?" मी पन्हाळ्याचं सांगितलं. रात्री कुठे राहता, त्यानं विचारलं. लोकांच्या घरी, शाळेच्या व्हरांड्यात, देवळात. ओळखीचे लोक? नाही. मग ते तुम्हाला घेतात कसे? मला उत्तर सुचेना. पूर्वी पैसे घेत नसत, आता जेवणाचे घेतात आणि घ्यावेतच, असं सांगितलं. आणि कपडे वाळवायला? चुलीच्या वर बांबूची मांडणी असते, सकाळी सगळ्याला धुराचा वास येतो.

"मिज?" टॅब्लेटवाल्या बाईंनी कोपऱ्यातून विचारलं.

"नाहीत," निनाद म्हणाला. "जळवा आहेत. कोयनेच्या जंगलात बुटाच्या भोकातून आत येतात, कळतसुद्धा नाही."

खोलीत एकदम शांतता झाली आणि मग सगळे एकदम बोलू लागले. जर्मन मुलींचं म्हणणं, गोचीड सर्वांत वाईट, तिच्यापासून आजार होतो. लाल जॅकेटवाल्याला मिजपुढे काहीच मान्य नव्हतं. जळू निदान एकटी येते, म्हणाला. मी सांगितलं, एकटी येत नाही. बाईंनी विचारलं, काढता कशी? मीठ, नाहीतर तंबाखूचं पाणी, नाहीतर धीर धरायचा, पोट भरलं की आपण होऊन पडते. "किती वेळ?" त्यांच्या यजमानांनी विचारलं. ते दिवसभरात पहिल्यांदाच बोलत होते. अर्धा-पाऊण तास, मी म्हटलं. त्यांनी बायकोकडे पाहिलं, बायकोनं त्यांच्याकडे. मग ते उठले, बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले आणि जुलैत विमानाचं तिकीट साधारण किती पडतं ते निनादला विचारू लागले.